१७२ वरून १८२ : आधी विमा कंपनीचं उत्तर, मग उड्डाण

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचा मीच दिसलो. सेस्ना १७२ या छोट्या चार सीटच्या विमानावर लायसन्स, उड्डाणाचे दीडशेच्या आसपास तास, आता तिघांबरोबर १८२ मध्ये, म्हणजे तिच्याच जास्त ताकदीच्या, जड बहिणीत, चौथा वाटा, आणि इन्स्ट्रक्टर म्हणतोय, "दोन-तीन तास उडवू, लॉगबुकात १८२ उडवायच्या परवानगीची सही देतो, झालं."

कायद्यापुरतं तो बरोबर बोलतोय. एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या, ६१.३१ या नियमात या सहीसाठी तासांचा आकडाच नाही. १८२ चं इंजिन २३० हॉर्सपॉवरचं, म्हणजे २०० च्या वर, म्हणून हाय परफॉर्मन्सची सही लागते. चाकं आत जात नाहीत, म्हणून कॉम्प्लेक्सची लागत नाही. (२०० हॉर्सपॉवरच्या, चाकं आत घेणाऱ्या पायपर ॲरो विमानाचं नेमकं उलटं. नियमात "२०० पेक्षा जास्त" आहे, त्यामुळे तिथे फक्त कॉम्प्लेक्स.) सही एकदाच घ्यायची, पुन्हा भानगड नाही.

माझं घोडं अडलं विम्यात. आमच्या पॉलिसीत अट होती: नव्या भागीदाराने १८२ वर १० तास इन्स्ट्रक्टरबरोबर उडवायचे, आणि त्या इन्स्ट्रक्टरचे स्वतःचे १८२ वर किमान २५ तास हवेत. दुसरा अर्धा भाग मी वाचला, पण खात्री करायला विमा एजन्सीत फोन केला. पलीकडचा म्हणाला, कुठलाही इन्स्ट्रक्टर चालेल. मी खूश. दहा तास उडवले, लॉगबुकची पानं पाठवली. तीन आठवडे शुकशुकाट, मग एका ओळीचं ईमेल: हे तास धरता येणार नाहीत. माझा इन्स्ट्रक्टर शिकवायला उत्तम, पण १८२ वर त्याचे तास भरले १४. फोनवर कोण बोललं ते मी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्याकडे त्या फोनची नोंदच नव्हती! दहाच्या दहा तास दुसऱ्याबरोबर पुन्हा. तासाला साधारण १३ गॅलन पिणारं विमान, वर त्याची फी. तेवढ्या पैशांत पुण्याला जाऊन आलो असतो.

तेव्हापासून कानाला खडा. इन्स्ट्रक्टरचं नाव, त्याचे १८२ वरचे तास, सगळं ईमेलने कळवायचं आणि "चालेल" हे लेखी आल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. तुमच्या पॉलिसीतल्या अटी वेगळ्या असतील. मी इन्स्ट्रक्टर नाही, वकील तर नाहीच, आणि हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात डीजीसीएचे नियम वेगळे, त्यात मी पडत नाही.

एक मात्र कबूल करतो, दुसरे दहा तास फुकट गेले नाहीत. दोन-तीन तासांत १८२ येते हे मला पटत नाही, कुणी काहीही म्हणो. प्रॉपचा दांडा (पंख्याच्या पात्यांचा कोन बदलणारा), काउल फ्लॅप (इंजिन थंड ठेवायची झडप) हे दोन दिवसांत हातात बसतं. खरी अडचण उतरताना, नाकाच्या वजनाची. पुढे दोघं, मागची सीट रिकामी, पंखांचे फ्लॅप पूर्ण खाली, आणि १७२ सारखं हलक्या हाताने कंट्रोल मागे ओढलं की नाक वर येतच नाही. ते पुढच्या चाकावर आदळतं, उसळतं, पुन्हा आदळतं, आणि फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, वाकते. ट्रिम (कंट्रोल ओढायचा जोर कमी करणारं चाक) मागे घेऊन ठेवा, आणि मागे एखादं वजन टाकून फरक बघा.

वाट्याचे पैसे अजून दिले नसतील, तर आधी तुमच्या मेकॅनिकला फायरवॉलवर सुरकुत्या आहेत का ते बघायला सांगा. विकणाऱ्याच्या मेकॅनिकला नव्हे, तुमच्या.