पृथ्वी सोडून निघालेल्या माणसाच्या गाण्यांत एकटेपणा आणि प्रेम हातात हात घालून का येतात?

अंतराळप्रवासावरच्या इंग्रजी गाण्यांत पराक्रमापेक्षा विरहच अधिक का ऐकू येतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यामागे अंतराळाच्या अफाटपणापेक्षा निरोप पोहोचेल की नाही, ही शंका अधिक आहे.

डेव्हिड बोवी यांचे ‘स्पेस ऑडिटी’ जुलै १९६९ मध्ये, अपोलो ११ च्या उड्डाणाच्या काही दिवस आधी आले. सारे जग चंद्रविजयाची वाट पाहत असताना या गाण्यातला मेजर टॉम यानाबाहेर तरंगत राहतो आणि पत्नीवर आपले फार प्रेम आहे, एवढे तिला कळवायला नियंत्रण कक्षाला सांगतो. तिला ते ठाऊकच आहे, असेही तोच म्हणतो. तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, आणि लगेच संपर्क तुटतो. पुढे २०१३ मध्ये अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी हेच गाणे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गायले, तेव्हा शब्द बदलून नायकाला परत आणले. स्थानकातून घरी बोलता येत असताना हा बदल स्वाभाविकच होता, पण मूळ गाण्याची धार त्यात उरली नाही.

एल्टन जॉन यांच्या ‘रॉकेट मॅन’मध्ये (१९७२) पत्नी सामान भरून देते आणि नवरा नोकरीवर जातो. तेथे यानाऐवजी मालवाहू जहाज असते, तरी फारसे बिघडले नसते.

‘क्वीन’ या बँडच्या ‘थर्टी-नाइन’चे (१९७५) तसे नाही. ते लिहिणारे ब्रायन मे हे खगोलभौतिकीचे विद्यार्थी होते, आणि पुढे २००७ मध्ये त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून डॉक्टरेटही पूर्ण केली. नव्या भूमीच्या शोधात गेलेला प्रवासी परततो तेव्हा त्याचे वय एकाच वर्षाने वाढलेले असते, तर पृथ्वीवर शतक लोटलेले असते. सापेक्षतेच्या नियमानुसार अतिवेगाने जाणाऱ्याचा काळ मंद सरतो, आणि एवढ्या फरकासाठी प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ९९.९९५ टक्के वेग लागेल. म्हणजे हा प्रवासी आणि मागे राहिलेली त्याची प्रिया, या दोघांची ताटातूट करणारा अपघात नाही की नोकरी नाही. प्रवास यशस्वी झाला, म्हणूनच ती कायमची दुरावते. तो तिला वाळूत पत्रे लिहून ठेवायला सांगतो, आणि परतल्यावर तिचे डोळे त्याला पुढच्या पिढीच्या चेहऱ्यावर दिसतात. चाल लोकगीतासारखी उत्साही असल्यामुळे पहिल्यांदा ऐकताना यातले काहीच ध्यानात येत नाही. तेव्हा शब्द समोर ठेवूनच ते ऐकावे, असे मी सुचवीन.