दारातला बर्फ, गराजमधले यंत्र : वाचकांचे प्रश्न

हिवाळ्याच्या तोंडावर अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांकडून स्नो ब्लोअरविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी चार निवडून येथे उत्तरे देत आहे. भारतातल्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. इकडे पेट्रोललाच ‘गॅस’ म्हणतात. त्यामुळे ‘गॅसवरचा स्नो ब्लोअर’ म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारे नव्हे, तर स्कूटरसारखे पेट्रोलचे इंजिन असलेले, अंगणातला बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र.

प्रश्न : न्यू जर्सीतले अपार्टमेंट सोडून आम्ही यंदा सिरॅक्यूजला घर घेतले. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील एवढा रुंद ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गराजपर्यंतची वाट, आहे. आजवर फावड्याने भागत होते. आता यंत्र घ्यावे का, आणि कोणते घ्यावे?
— एक वाचक, सिरॅक्यूज, न्यूयॉर्क

उत्तर : अवश्य घ्यावे. आपल्या गावावर ओंटारियो सरोवरावरून बाष्प घेऊन येणारे वारे बर्फ ओततात आणि तेथे एका हिवाळ्यात सरासरी तीन मीटरच्या आसपास बर्फ पडतो. पाच मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब ड्राइव्हवेवर फक्त पंधरा सेंटिमीटर बर्फ साचला, तरी तो सव्वाअकरा घनमीटर होतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण शंभर किलो धरला, तर एका सकाळी अकराशे किलोंहून अधिक वजन हलवायचे आहे, आणि बर्फ ओला असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असताना, बैठे काम करणाऱ्या माणसाने एकदम एवढे श्रम केले तर हृदयावर फार ताण येतो. आपल्या लोकांत हृदयविकार तुलनेने कमी वयात दिसतो. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्यांनी ‘व्यायाम होतो’ म्हणून फावडे हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राचे मुख्य दोन प्रकार आहेत. एकटप्पी यंत्रात समोरची रबरी कडांची पाती जमिनीला घासत फिरतात आणि तीच बर्फ फेकतात. ते हलके असते आणि वीसएक सेंटिमीटरपर्यंतच्या बर्फाला पुरते, परंतु खडीच्या वाटेवर चालवता येत नाही, कारण ते खडेही तितक्याच जोराने फेकते. दुटप्पी यंत्रात पुढचा ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखे वळलेले पोलादी पाते, बर्फ फोडून मधोमध ओढतो आणि त्यामागचा इम्पेलर, म्हणजे वेगाने फिरणारा पंखा, तो नळकांड्यातून बाहेर फेकतो. आपल्याला दुटप्पीच लागेल. त्याचे कारण पडणाऱ्या बर्फापेक्षाही नगरपालिकेचा नांगर आहे. रस्ता साफ करताना तो ड्राइव्हवेच्या तोंडाशी ओल्या, दगडासारख्या घट्ट बर्फाचा जो बांध घालून जातो, तो फोडणे हलक्या यंत्राच्या आवाक्यातले नसते. चोवीस ते अठ्ठावीस इंच रुंदीचे यंत्र पुरेल. त्याहून मोठे घेतल्यास ते वळवताना दमछाक होते आणि गराजमध्ये मोटारीची जागा जाते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेले दुटप्पी यंत्र गेल्या मार्चमध्ये उत्तम चालत होते. काल पहिला बर्फ पडला आणि पन्नास वेळा दोरी ओढूनही ते सुरू झाले नाही. टाकीत निम्मे पेट्रोल आहे. इंजिन बिघडले असेल का?
— एक वाचक, सेंट पॉल, मिनेसोटा

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तर आहे. ‘टाकीत निम्मे पेट्रोल आहे’ असे आपण लिहिता, म्हणजे ते मार्चमधले पेट्रोल आहे. इंजिन बहुधा ठणठणीत असेल. बिघडले आहे ते पेट्रोल.

तरी आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. प्लास्टिकची सुरक्षा-किल्ली पूर्ण आत दाबली आहे का, पेट्रोलचा कॉक उघडा आहे का, चोक पूर्ण लावला आहे का, वेगाचा खटका सशाच्या चित्राकडे आहे का, आणि प्रायमरचे, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात थोडे पेट्रोल ढकलणारे, रबरी बटन दोन-तीन वेळा दाबले का? जुनी दुचाकी हिवाळ्यात पहाटे चोक ओढून सुरू करणाऱ्यांना हे नव्याने शिकवावे लागत नाही. हे सगळे ठीक असूनही इंजिन दाद देत नसेल, तर पेट्रोलकडे वळावे.

इकडच्या पंपांवरच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमुळे इथेनॉल हा शब्द आपल्याला नवा नाही. ते हवेतला ओलावा शोषते, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. शिवाय पेट्रोलचा लवकर पेट घेणारा हलका अंश उडून जातो आणि मागे राहतो तो चिकट राप. कार्बोरेटरमधले, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातले, पेट्रोलचे छिद्र सुईच्या टोकाएवढे असते. ते बंद पडायला तेवढा राप पुरतो. थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरावे. ताजे पेट्रोल फिकट आणि पारदर्शक असते. जुने गडद दिसते, त्याला शिळ्या व्हार्निशसारखा आंबूस वास येतो आणि कधी कधी तळाशी पाण्याचा वेगळा थर स्पष्ट दिसतो.

माझ्या पहिल्या यंत्राचे मी हेच केले होते. डिसेंबरात कार्बोरेटरखालची वाटी सोडवली, तेव्हा तिच्या तळाशी हिरवट, मधासारखा घट्ट साका होता आणि तरंगता गोळा त्यात चिकटून बसला होता. वाटी केवळ एका बोल्टवर असते. कॉक बंद करून, खाली पत्र्याचा डबा धरून ती उतरवावी, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून पुसावी, आणि मधल्या पितळी जेटचे छिद्र त्याच फवाऱ्याने मोकळे करावे. त्यात कडक तार खुपसू नये. पितळ मऊ असते, छिद्र किंचित जरी रुंदावले तरी इंजिनाचे हवा-पेट्रोलचे गणित कायमचे बिघडते. नंतर टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरावे आणि स्पार्क प्लग बदलावा. जुने पेट्रोल गटारात ओतू नये. घातक कचरा स्वीकारणाऱ्या स्थानिक केंद्रात द्यावे. हे सारे काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावे. कित्येक घरांत गराजमध्येच पाणी तापवण्याचा गॅसचा बंब असतो आणि त्याच्या तळाशी लहानशी ज्योत सतत तेवत असते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत तिथपर्यंत पोहोचते, हे कृपया विसरू नये.

आता पुढच्या वर्षीसाठी. दहा टक्क्यांहून अधिक इथेनॉल असलेले पेट्रोल या इंजिनात घालू नये. कॅनमध्ये पेट्रोल भरून आणले की त्याच दिवशी त्यात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारा द्रव, घालावा. शिळ्या पेट्रोलमध्ये घालून उपयोग नाही, जसे नासलेले दूध तापवून उपयोग नसतो. स्टॅबिलायझर घातल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवावे, म्हणजे तो कार्बोरेटरपर्यंत पोहोचतो. एप्रिलमध्ये, शेवटचा बर्फ वितळल्याची खात्री झाली की टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीतला उरलेला थेंबही काढून टाकावा. त्याच दिवशी इंजिन गरम असतानाच तेल बदलावे. नव्या यंत्राचे पहिले तेल पाच ते आठ तासांनंतर आणि पुढे हंगामातून एकदा बदलणे बहुतेकांना पुरते. साधारणपणे ५डब्ल्यू-३० तेल चालते, परंतु मिनेसोटाच्या कडाक्यात यंत्राच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला प्रकारच वापरावा. या इंजिनांना बहुधा हवेची जाळी नसते, कारण बर्फावरची हवा धूळरहित असते आणि जाळी असल्यास ती गोठून बंद होते. म्हणून उन्हाळ्यात ‘सहज चालवून पाहू’ म्हणून धुळीत हे यंत्र चालवू नये. स्नो ब्लोअर हिवाळ्यात चालणार की नाही, हे एप्रिलमधल्या त्या एका तासावर ठरते. दुरुस्तीवाल्यांकडे डिसेंबरात यंत्रांची रांग लागते. एप्रिलमध्ये तेथे कोणी नसते.

प्रश्न : वर्तमानपत्राची गुंडाळी ऑगरमध्ये अडकली आणि एका बाजूचे पाते फिरेनासे झाले. शेजाऱ्याने सांगितले की पिन तुटली आहे, कुठलाही बोल्ट घाल. तसे करावे का?
— एक वाचक, ॲन आर्बर, मिशिगन

उत्तर : करू नये. ती शिअर पिन आहे आणि तुटणे हेच तिचे काम आहे. पात्यात काही अडकले की ती मऊ धातूची पिन आधी तुटते आणि तिच्यामागची दंतचक्रांची पेटी वाचते. घरातल्या वायरिंगमधला फ्यूज जसा आपण जाड तारेने बांधत नाही, तसाच येथे पोलादी बोल्ट घालायचा नसतो. पुढच्या वेळी बोल्ट शाबूत राहील आणि पेटी फुटेल. आपल्या यंत्राच्या क्रमांकाच्या चार-सहा पिना आणून हँडलजवळ पिशवीत ठेवाव्यात. बर्फ पडण्याची चिन्हे दिसताच अंगणातली वर्तमानपत्रे, दोऱ्या आणि पायपुसणी उचलून ठेवावीत.

यंत्र जागचे हलत नाही, अशी तक्रार आपण तळटीपेत केली आहे. इंजिन चालू असून चाके फिरत नसतील, तर चाकांना गती देणाऱ्या तबकडीवरचे रबरी कडे झिजले किंवा ओले झाले असेल, किंवा पट्टा ढिला पडला असेल. खालचे झाकण उघडले की कडे दिसते. त्याचे रबर धातूपर्यंत झिजले असल्यास ते बदलावे. त्याच वेळी यंत्राचे तोंड ज्यांवर टेकून सरकते, त्या तळाच्या दोन्ही बाजूंच्या घसरपट्ट्याही पाहाव्यात. गुळगुळीत डांबरी वाटेसाठी खरवडपट्टी, म्हणजे तोंडाच्या खालच्या कडेची पट्टी, जमिनीपासून तीनेक मिलिमीटर वर, आणि खडीच्या वाटेसाठी इंचभर वर राहील, अशा त्या बसवाव्यात.

प्रश्न : ओला बर्फ नळकांड्यात घट्ट बसतो. माझे यजमान इंजिन बंद करून हातमोजे घातलेल्या हाताने तो काढतात. ‘इंजिन बंद आहे, मग भीती कसली?’ असे म्हणतात. सध्या सासूबाई-सासरे आले आहेत आणि सासरेही मदतीला पुढे होतात. माझी काळजी अनाठायी आहे का?
— एक वाचक, मिसिसॉगा, ओंटारियो

उत्तर : मुळीच नाही. हे उत्तर यजमानांना आणि सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

या यंत्राचा मूळ नमुना कॅनडातलाच आहे. क्वेबेकमधल्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये तो तयार केला, आणि त्याची कल्पना त्यांना शेतातल्या मळणीयंत्रावरून सुचली. मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टीत हात गेलेली माणसे आपल्यापैकी ज्यांनी गावाकडे पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगायला नको. नळकांड्याच्या तळाशी, जेथे बर्फ अडकतो, तेथून इम्पेलर अगदी जवळ असतो, आणि तो वरून दिसत नाही. पाती फिरवणारी हँडलवरची लिव्हर सोडली तरी ती काही क्षण फिरत राहतात, हे एक. दुसरे, इंजिन बंद असतानाही अडलेल्या इम्पेलरमध्ये ताण साठून राहिलेला असू शकतो. बर्फाचा गोळा निघताच पाते झटक्याने फिरते. तो झटका थोडाच असतो, परंतु बोटे तुटायला तेवढा पुरतो. जाड हातमोजा येथे संरक्षण करत नाही, उलट तो पात्यात गुंततो.

म्हणून हात आत घालायचाच नाही, इंजिन चालू असो वा बंद. लिव्हर सोडावी, इंजिन बंद करावे, किल्ली काढून खिशात ठेवावी, सगळे थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि मग यंत्रासोबत मिळालेल्या प्लास्टिकच्या दांड्यानेच बर्फ काढावा. हा दांडा बहुधा यंत्राच्या अंगावर खोबणीत बसवलेला असतो. हरवला असेल तर लाकडी झाडूचा दांडा वापरावा. मदतीला आलेल्या माणसाने नळकांड्याच्या तोंडासमोर उभे राहू नये, आणि ते तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा रस्त्याकडे वळवू नये.

आता बर्फ अडकूच नये म्हणून काय करावे, ते सांगतो. तापमान शून्याच्या आसपास असले की बर्फ चिकट होतो, म्हणून शक्य असेल तर पहाटे, तो कोरडा असतानाच काम उरकावे. यंत्र गरम गराजमधून थेट बर्फात नेऊ नये. दहा-पंधरा मिनिटे बाहेर थंड होऊ द्यावे, म्हणजे आतल्या उबदार पत्र्यावर बर्फ वितळून चिकटत नाही. नळकांड्याच्या आतून सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिन नेहमी पूर्ण वेगात ठेवावे आणि चालण्याचा वेग कमी करावा. बरेच जण ओल्या बर्फात नेमके उलटे करतात, इंजिन हळू करतात, आणि मग इम्पेलरला बर्फ फेकण्याइतका जोर राहत नाही. यंत्राची पूर्ण रुंदी भरू न देता निम्मीच भरेल अशी वाट धरावी. काम संपल्यावर एखादे मिनिट पाती मोकळी फिरवावीत, म्हणजे उरलेला बर्फ उडून जातो आणि रात्री इम्पेलर गोठून बसत नाही.

आणखी एक गोष्ट सासऱ्यांसाठी. थंडी वाजते म्हणून गराजमध्ये यंत्र सुरू करून ‘तापवत’ ठेवू नये, दार सताड उघडे असले तरीही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि गराजला लागून असलेल्या खोलीत तो सहज शिरतो. यंत्र आधी ढकलत अंगणात न्यावे आणि तेथेच दोरी ओढावी. घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे उपकरण असेलच. त्याचे बटन आजच दाबून पाहावे.