शिंपले उघडले म्हणजे शिजले का?

प्रश्न : जिवंत तिसऱ्या आणून शिंपले उघडेपर्यंत वाफवल्या. दीड दिवसाने तिघांना उलट्या-जुलाब. ताज्या मालाने असं कसं झालं? (वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : ताजेपणाचा इथे संबंध नाही. तिसऱ्या, कालवं पाणी गाळून अन्न मिळवतात. त्यात सांडपाणी मिसळलं असेल, तर नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस एचे विषाणू त्यांच्या पोटात साठतात. वास, रंग, चव काहीच बदलत नाही. रात्रभर पाण्यात ठेवल्याने वाळू निघते, विषाणू नाहीत. लिंबू आणि फ्रीजरनेही ते मरत नाहीत.

खरी चूक वाफवण्यात आहे. शिंपला उघडतो तेव्हा मांस आतून पुरेसं तापलेलं नसतं. गाभा ९० अंश सेल्सिअसला दीड मिनिट राहायला हवा. पातेलं गच्च भरू नका, नाहीतर वरच्या तिसऱ्या कच्च्या राहतात. उघडल्यावर रश्शात आणखी ५ मिनिटं खळखळून उकळा. मांस जरा आक्रसतं, आक्रसू द्या! एकशिपी (एका शिंपल्यासकट केलेल्या तिसऱ्या) करतानाही हेच.

लक्षणं १२ ते ४८ तासांत दिसली, तर बहुधा नोरोव्हायरस. ओआरएस घोट घोट द्या. आजारी माणसाने बरं वाटल्यावरही २ दिवस स्वयंपाक करू नये. हात साबणानेच धुवा, सॅनिटायझर पुरत नाही. हिपॅटायटिस एची कावीळ मात्र १५ ते ५० दिवसांनी उमटते. डोळे पिवळे दिसले तर लगेच डॉक्टरांकडे जा.