रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद करू का?

प्रश्न : आईला (वय ५८) दीड वर्षापूर्वी सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचं कळलं. इमॅटिनिब ४०० मिग्रॅ रोज एक चालू आहे. पांढऱ्या पेशी केव्हाच नॉर्मल झाल्या. पायांत गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, म्हणून रविवारी ती गोळी घेत नाही. आता बंद करता येईल का?

उत्तर : बंद नको, आणि रविवारची सुटीही नको. आठवड्याला एक गोळी चुकली की ८६ टक्केच औषध पोटात जातं. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या २०१० च्या अभ्यासात ९० टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्यांचा प्रतिसाद स्पष्टपणे मागे पडला होता.

सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीवर, विसंबू नका. उरलेला आजार कळतो तो बीसीआर-एबीएलच्या (या आजाराला कारण ठरणाऱ्या जनुकाच्या) क्वांटिटेटिव्ह पीसीआरमध्ये, म्हणजे त्याचं रक्तातलं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीत, आणि ती दर तीन महिन्यांनी करायची. रिपोर्टवर ‘आयएस’ म्हणजे इंटरनॅशनल स्केल लिहिलेलं हवं, नाहीतर दोन लॅबचे आकडे जुळवण्यात अर्थ नाही. ३ महिन्यांनी १० टक्के, ६ महिन्यांनी १ टक्का, वर्षाने ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, हे टप्पे. दीड वर्षानंतरही आकडा ०.१ च्या वर असेल, तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजा, मग औषधाला दोष द्या.

गोळी दिवसातल्या मोठ्या जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. मळमळ बरीच कमी होते. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पायांत येणाऱ्या गोळ्यांसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासून घ्या, सुजेसाठी मीठ कमी करा. क्षयाचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर इमॅटिनिबची रक्तातली पातळी घसरते. हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

औषध थांबवण्याचा विचार किमान तीन वर्षं उपचार आणि त्यात सलग दोन वर्षं खोल प्रतिसाद (०.०१ टक्के किंवा कमी) मिळाल्यावर, तोही सुरुवातीला दरमहा पीसीआर करण्याची तयारी असेल तरच. फ्रान्समधल्या अभ्यासात असे थांबवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा आजार परतला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो सहसा आटोक्यात येतो.

प्रश्न : मला जुना दमा आहे. सीएमएलसाठी डॅसॅटिनिब सुरू झाल्यापासून धाप वाढली. पंप वाढवू का?

उत्तर : आधी छातीचा एक्स-रे काढा. डॅसॅटिनिबमुळे फुप्फुसाभोवती पाणी साचू शकतं. दम्याची धाप बहुधा रात्री-पहाटे वाढते, शिटी वाजते आणि तातडीच्या निळ्या पंपाने काही मिनिटांत उतार पडतो. पाण्याची धाप पंपाला दाद देत नाही, आडवं झाल्यावर वाढते, कोरडा खोकला येतो. एक्स-रेमध्ये पाणी दिसलं तर डॉक्टर डॅसॅटिनिब काही दिवस थांबवून कमी मात्रेवर सुरू करतात. दम्याचा रोजचा पंप मात्र सोडू नका. पित्तासाठी पँटोप्राझोल घेत असाल तर तेही सांगा, त्याने डॅसॅटिनिब नीट शोषलं जात नाही.