मागचा रेशो वेगळा, पुढचा वेगळा : भरपाई मागता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ ची सेकंडहँड थार आहे. आधीच्या मालकाने तीन इंची लिफ्ट किट (गाडी उंच करणारा संच) टाकलेले होते. मी २९ इंची टायर काढून ३३ इंची टाकले आणि तेव्हापासून गाडी ओढत नाही. पूर्ण एक्सल बदलणे परवडत नव्हते. एका गॅरेजवाल्याने ४५ हजारांत पुढचे-मागचे क्राउन-पिनियन (एक्सलमधली गिअरची जोडी) बदलून देतो असे सांगितले. पैसे यूपीआयने दिले. त्याने फक्त मागचे बसवले आणि 'पुढचा सेट आला की टाकू, तोवर चालते' म्हणाला. उमरेडकडे चिखलात फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) टाकले, परतताना डांबरी रस्त्यावर थोडे अंतर ते तसेच राहिले आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) फुटली. आता तो ३८ हजार मागतो, गाडी अडवून बसला आहे आणि वर सांगतो, 'कर ना भाऊ केस, लिफ्ट पाहून आरटीओ तुलेच धरते.' मी काय करू? – एक वाचक, नागपूर

उत्तर : त्याच्या धमकीत निम्मे तथ्य आहे, म्हणूनच ती लागू पडली. ते निम्मे आधी पाहू.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) मध्ये बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

लिफ्ट तुम्ही केलेली नाही. कलमाचा रोख 'फेरफार करणाऱ्या मालका'वर आहे, त्यामुळे तेवढ्यापुरता बचाव आहे. टायर मात्र तुमचेच. शिवाय कलम ५३ माणूस पाहत नाही, गाडी पाहते. ती सार्वजनिक ठिकाणी धोकादायक वाटली तर आरटीओ नोटीस देऊन नोंदणी निलंबित करू शकते. त्यावर ३० दिवसांत अपील आहे, पण निलंबन चालू असताना गाडी रस्त्यावर आणली तर जप्तीची वेळ येते. उंची आरसीवर लिहिलेली नसते, मग तपशील बदलला कुठे, असा युक्तिवाद होऊ शकतो. चांगला वकील तो करेलही. पण त्यासाठी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जाण्याइतकी ही तीन इंच मोलाची आहेत का, ते तुम्हीच ठरवा.

आता उरलेले निम्मे. खाजगी गाडीच्या आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, व्हीलबेस, रिकामे वजन, इंधन, रंग असतो. डिफरेन्शियलच्या (क्राउन-पिनियन ज्यात बसते त्या भागाच्या) आत किती दात आहेत हे कुठल्याही आरसीवर नसते, मग गाडी एमएच-३१ ची असो, ४९ ची असो की ग्रामीणची ४०. क्राउन-पिनियन बदलणे आणि इंजिन बदलणे यांत हाच फरक आहे. दुसरे इंजिन टाकले की नंबर बदलतो आणि आरटीओची परवानगी लागते.

हा फरक ग्राहक आयोगातल्या तुमच्या तक्रारीचा कणा आहे. समोरचा वकील करार कायद्याचे कलम २३ काढेल : कामच बेकायदा, म्हणजे करार रद्द, मग भरपाई कसली? म्हणून तक्रार फक्त क्राउन-पिनियनच्या कामापुरती ठेवा. लिफ्ट किटचा, टायरचा खर्च त्यात घुसवू नका. मात्र गाडी लिफ्टेड आहे हे लपवूही नका, फोटोत ते दिसणारच आहे.

पुरावा गाडीच्या पोटात आहे. समजा मागच्या क्राउनला ४१ दात आणि पिनियनला ९ आहेत, तर रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे) ४.५६ झाला. पुढे ४१ आणि ११ असतील तर ३.७३. फोर बाय फोर टाकल्यावर ट्रान्सफर केस दोन्ही प्रोपेलर शाफ्टना एकत्र जखडते, म्हणजे दोन्ही एकाच वेगाने फिरणार. पण वेगळे रेशो पुढच्या-मागच्या चाकांना एका वेगाने फिरू देत नाहीत. चिखलात टायर घसरून ती ओढाताण सहन करतात. डांबरावर घसरायला जागा नसते आणि सगळा पीळ ट्रान्सफर केसवर येतो.

इथे तुमची कमजोर बाजू आहे. डांबरावर फोर बाय फोर ठेवायचे नसते हे गाडीच्या पुस्तकातच असते, आणि गॅरेजवाला पहिला मुद्दा हाच मांडेल. तो आपणच आधी लिहायचा. उत्तर सोपे आहे : रेशो सारखे असतील तर ओढाताण मुख्यतः वळणावर येते, वेगळे असतील तर सरळ रस्त्यावरही प्रत्येक मीटरला येते. थोडे अंतर जाताच ट्रान्सफर केस फुटली, त्याला हे कारण जास्त पटण्यासारखे आहे. आयोग तुमच्या वाट्याची चूक धरून रक्कम कमी करू शकेल, ती तयारी ठेवा.

तेव्हा गाडी ताब्यात आली की (ती कशी घ्यायची ते शेवटी सांगतो) दोन्ही डिफरेन्शियलची झाकणे दुसऱ्या मेकॅनिकसमोर उघडा, दात मोजा, व्हिडिओ करा. फुटलेले तुकडे ताब्यात घ्या. 'नवीन टाकतो, जुने राहू द्या' असे तो म्हणाला तर नाही म्हणा, भंगारात गेलेला गिअर साक्ष देत नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयातील मेकॅनिकल विभागाच्या प्राध्यापकाचे किंवा परवानाधारक सर्व्हेअरचे लेखी मत प्रतिज्ञापत्रासह जोडा. 'तोवर चालते' हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर ते सोन्यासारखे जपा. फोन बदलू नका आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे (डिजिटल पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र वकिलाच्या मदतीने तयार करून घ्या.

मग स्पीड पोस्टने नोटीस, १५ दिवसांची मुदत, आणि उत्तर नाही आले तर नागपूर जिल्हा ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीची तक्रार. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पक्के बिल नसले तरी यूपीआयची नोंद चालते.

विम्याकडे या मोडतोडीसाठी जाऊ नका, यांत्रिक बिघाड पॉलिसीतून वगळलेला असतो. पण मोठ्या टायरची आणि लिफ्टची माहिती कंपनीला दिलेली नसेल तर पुढे अपघात झाल्यावर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर कंपनी माहिती दडवल्याचा मुद्दा घेईल, आणि न्यायाधिकरणाने आधी भरपाई द्यायला लावली तरी नंतर ती तुमच्याकडून वसूल होऊ शकते. आणखी एक : ३३ इंची टायरवर मीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ९१ च्या आसपास असते. कॅमेऱ्याचे चलान आले तर मीटरकडे बोट दाखवून सुटका नाही.

तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. पुस्तकात दिलेल्या मापाच्या टायरवर परत या. ओढ आपोआप परत येते, कंपनीचे मूळ क्राउन-पिनियन पुरते आणि कलम ५२ चा निम्मा वाद तिथेच मिटतो. लिफ्टही उतरवली तर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस वारंवार झिजण्याचे थांबेल, आणि २०२९ मध्ये १५ वर्षे पूर्ण झाल्यावर नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीला निवांत जाता येईल. चिखलासाठी मागच्या एक्सलला लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारा भाग) हवा असेल तर तो आतला भाग आहे, बिलासह घ्या. भंगार बाजारातून बिनबिलाचा एक्सल मात्र नको. तो चोरीच्या गाडीचा निघाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ ची चौकशी मागे लागते आणि वाचवलेले पैसे आमच्यासारख्यांच्या फीमध्ये जातात.

राहिली अडवलेली गाडी. केलेल्या कामाची मजुरी थकली असेल तर गॅरेजवाल्याला करार कायद्याच्या कलम १७० खाली वस्तू ठेवून घेता येते. तुम्ही ४५ हजार देऊन बसला आहात आणि ट्रान्सफर केसचे काम त्याने केलेलेच नाही, म्हणजे त्याचा ३८ हजारांसाठीचा हक्क उभाच राहत नाही. नोटिशीत गाडीचा ताबा आधी मागा. त्याने तरी दिली नाही आणि गाडीची फार गरज असेल, तर 'हक्क राखून, तक्रारीसह' असे पावतीवर लिहून पैसे भरा, मोडलेले भाग मोजून घ्या आणि गाडी टोइंगने न्या. ती रक्कमही मग तक्रारीत परत मागता येईल.