प्रॉक्सी बंद केली, तरी पुन्हा चालू कशी होते?

विश्रामबाग, सांगली: घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम आणि एज दोन्ही 'प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही' म्हणतात. त्याच वायफायवर मोबाईल व्यवस्थित चालतो. प्रॉक्सी बंद करतो, पण मशीन पुन्हा सुरू केलं की ती चालूच. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट नको. मोबाईल चालतोय म्हणजे लाइन आणि राउटर ठीक आहेत. प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ. क्रोम आणि एज दोघेही विंडोजचीच प्रॉक्सी वापरतात, म्हणून दोघे एकदम अडले. ही सेटिंग आपणहून चालू होत नाही, कोणीतरी ती चालू करतंय. तो सापडेपर्यंत बटण दाबत बसणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'प्रॉक्सी' उघडा. तिथला पत्ता आणि पोर्टचा (प्रोग्रॅम ज्या दारातून ये-जा करतो त्याचा) आकडा आधी कागदावर उतरवून घ्या. पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो बाहेरचा नाही, कॉम्प्युटरचा स्वतःचाच आहे. म्हणजे तुमच्याच मशीनमधल्या एखाद्या प्रोग्रॅमने सगळी ये-जा आपल्या हातून ठेवली होती. स्टार्टमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' शोधा, त्यातल्या नेटवर्कमध्ये 'लिसनिंग पोर्ट्स' बघा. तो आकडा तिथे असेल तर शेजारी प्रोग्रॅमचं नाव दिसेल.

तुमच्याकडे बहुधा तो आकडा दिसणारच नाही. संपर्क होत नाही याचा अर्थ त्या पोर्टवर आता कोणी नाही. अँटिव्हायरसने मुख्य प्रोग्रॅम काढला असेल आणि सेटिंग लिहिणारा तुकडा मागे राहिला असेल. माझ्या भावाच्या मशीनवर हेच झालं होतं. फोटोंची पीडीएफ करणाऱ्या फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर पाहुणा आला होता. सॉफ्टवेअर काढलं, तरी 'टास्क शेड्युलर'मध्ये लॉगिन होताच चालणारं एक काम शिल्लक होतं, आणि त्याच्या 'ॲक्शन्स'मध्ये तोच पोर्ट लिहिलेला होता. ते काम पुसलं, प्रॉक्सी बंद केली, नंतर चार वेळा मशीन सुरू करून पाहिलं, ती बंदच राहिली. टास्क मॅनेजरमधलं 'स्टार्टअप'ही तपासा. शेवटी विंडोज सिक्युरिटीतून 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा, साधारण १५ मिनिटं लागतात.

क्रम सांभाळा: आधी तो तुकडा, मग प्रॉक्सी. आणि प्रॉक्सीच्याच पानावरचं 'सेटअप स्क्रिप्ट' विसरू नका; कोणती प्रॉक्सी वापरायची हे सांगणाऱ्या फाइलचा पत्ता तिथे असतो. १९९६ साली नेटस्केपने आणलेली ही सोय ऑफिसांना उपयोगी पडते. घरी तिथे अनोळखी पत्ता असेल तर तीही बंद करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. असा मधला प्रोग्रॅम स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, बसवून कुलूपबंद (https) साइटवरचा मजकूरही वाचू शकतो. त्या काळात बँकेत लॉगिन केलं असेल तर पासवर्ड आजच मोबाईलवरून बदला.

तासगाव: बेदाण्याच्या सौद्याचे भाव बघायची साइट एजमध्ये उघडते, क्रोममध्ये नाही. क्रोम काढून पुन्हा टाकलं, तरी तेच.

दोघांची प्रॉक्सी एकच, तरी एकच अडतोय, म्हणजे बहुधा क्रोममधलं एखादं एक्स्टेन्शन, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. गुगल खात्यात लॉगिन करताच सिंक ते परत आणतं, म्हणून पुन्हा टाकून फरक पडला नाही. फुकट व्हीपीएनसारखं काही असेल तर आधी ते काढा. फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. त्याच्या 'नेटवर्क सेटिंग्ज'मध्ये स्वतःची प्रॉक्सी ठेवता येते, ती तिथेच बघावी लागते.

मिरज: मुलगा घरून काम करतो. त्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर प्रॉक्सीचं बटण फिकट दिसतं, दाबताच येत नाही. कसं उघडायचं?

उघडू नका. ते कंपनीने मुद्दाम बांधलेलं आहे, अडचण असेल तर मुलाने त्यांच्या आयटीवाल्यांना सांगावं. पण तुमच्या स्वतःच्या घरच्या मशीनवर बटण असंच फिकट दिसलं आणि क्रोमच्या मेनूत तळाला 'तुमची संस्था व्यवस्थापित करते' असं वाक्य आलं, तर मात्र तुमची कुठलीच संस्था नसताना ते कोणी लिहिलं, हे लगेच शोधा.