प्रार्थनेत काही जाणवत नाही तेव्हा

बाप्तिस्म्याला वर्षही झाले नाही तोच प्रार्थना कोरडी झाली, देव जवळ आहे असे वाटत नाही, असे तुम्ही मासुंदा तलावाच्या काठी मला सांगितलेत, तेव्हा तुमचा स्वर अपराध्यासारखा होता. हा अपराध नाही. आज रात्री बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र ८८ मोठ्याने वाचा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे मात्र अंधारापाशीच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूने 'तू माझा त्याग का केलास' असा आक्रोश केला तो २२व्या स्तोत्रातला, आणि त्यातही हाक 'माझ्या देवा' अशीच आहे, हे मला फार मोलाचे वाटते. मदर तेरेसांनी कित्येक दशके असाच अंधार सोसला, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रांतून जगाला कळले. त्यांची सेवा मात्र थांबली नव्हती.

पत्नी गेल्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मीही चर्चमध्ये मागच्या बाकावर नुसता बसत असे. स्वतःचे शब्द सुचत नसत, म्हणून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणे, तिच्यातल्या 'रोजची भाकरी' येथे अडखळे, आणि घरी येऊन एकट्यापुरती भाकरी थापत असे. तुम्हीही भावनेची वाट पाहू नका. ठरलेल्या वेळी दहा मिनिटे बसा आणि शंका आहे ती देवालाच सांगा. झोप किंवा भूक हरवली असेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. त्यात अविश्वास नाही. येत्या रविवारी उपासनेला माझ्या शेजारी बसा.